बंगाली वाङ्मयांतील मुसलमान शेतकरी

शेतकरी हिंदु असला म्हणजे त्याच्याविषयीं लिहितांना लेखक त्याच्या शेताची, बैलांची आणि कर्जाची चौकशी प्रथम करतो, आणि त्याच्या देवधर्माकडे मागाहून वळतो. तोच शेतकरी मुसलमान असला म्हणजे हा क्रम उलटतो. तो नमाज पढतो कीं नाहीं, पिराला मानतो कीं नाहीं, येथून चौकशीस आरंभ होतो आणि बहुधा येथेंच ती संपते. त्याला पाऊस हवा, बियाणें हवें, सावकाराकडून मुदत हवी, मुलाला शाळा हवी, हें विचारण्याचें सहसा कोणास सुचत नाहीं. आमच्या मराठी कथेंतहि मुसलमान भेटतो तो मुलाणी, अत्तार, तांबोळी किंवा दरवेशी म्हणून. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं' (१९४९) या पुस्तकांतला मुलाण्याचा बकस वाचकांच्या स्मरणांत असेल. पण नांगरामागें चालणारा मुसलमान आमच्या वाङ्मयांत क्वचितच दिसतो.

हा माणूस जेथें कोट्यवधींच्या संख्येनें नांदत आला, त्या बंगालच्या वाङ्मयाकडे वळलें तर कांहीं शिकतां येईल असें आम्हांस वाटतें. बंगाली कथेची मराठी घरांना ओळख जुनी आहे. शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या कादंबऱ्या मामा वरेरकरांनीं मराठींत आणल्या, आणि त्या माजघरापर्यंत पोंचल्या. त्याच शरच्चंद्रांची 'महेश' ही कथा, जसीमुद्दीन यांचें 'नक्षी काँथार माठ' हें काव्य, सैयद वलीउल्ला यांची 'लालसालू' आणि अबू इसहाक यांची 'सूर्य-दीघल बाडी' या दोन कादंबऱ्या, अशा चार कृतींचा विचार आम्ही येथें करणार आहों. आमची कसोटी आधींच सांगून ठेवतों. या माणसाची श्रद्धा आणि त्याची गरज हीं एकाच मनांत राहतात. तीं एकमेकांशीं बोलतात, भांडतात, आणि कधीं एक दुसरीला गप्प करते. जी कृति हें भांडण ऐकविते तिनें हा शेतकरी पुरता पाहिला असें म्हणावें. जी एकच बाजू दाखविते ती कितीहि सुंदर असली तरी अर्धीच होय.

प्रथम हा शेतकरी कोण तें सांगितलें पाहिजे. १८७२ सालीं बंगालची पहिली शिरगणति झाली, तेव्हां पूर्वेकडील नद्यांच्या मुलुखांत खेड्यापाड्यांतून मुसलमानांची वस्ती एवढी मोठी असल्याचें पाहून सरकारी अधिकारी चकित झाले. दिल्ली-आग्र्याच्या आसपास, जेथें बादशाही शतकानुशतकें नांदली, तेथें मुसलमान थोडे. आणि सत्तेच्या केंद्रापासून दूर, चिखलपाण्याच्या प्रदेशांत मात्र बहुसंख्य! धर्म तलवारीनें पसरला हें ठराविक उत्तर येथें लागू पडत नाहीं. अमेरिकन इतिहासकार रिचर्ड ईटन यांनीं बंगालमधील इस्लामाच्या उदयावर १९९३ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांतील उलगडा आम्हांस सर्वांत सयुक्तिक वाटतो. सोळाव्या शतकापासून गंगेचा मुख्य ओघ पूर्वेकडे सरकला, आणि गाळाची नवी जमीन व दाट अरण्य भातशेतीच्या आटोक्यांत आलें. मोगल अंमलांत जंगल तोडून जमीन लागवडीस आणणारांना सनदा मिळूं लागल्या. त्यांत मशीद किंवा दर्गा उभारून त्याभोवतीं कुळें वसविणारे पुष्कळ होते. जंगल हटलें, नांगर आला, भात आला आणि मशीद आली, तीं सारीं एकाच सुमारास. त्या मुलुखांतील जुन्या काव्यांतहि ही समजूत उमटलेली आहे. सैयद सुलतान या कवीच्या 'नबीवंश' काव्यांत देवदूत जिब्रील आदमाला नांगर, बैल आणि बियाणें आणून देतो. मनुष्यजातीचा मूळपुरुषच ज्यांच्या लेखीं शेतकरी, त्यांची श्रद्धा शेताच्या बांधापासून वेगळी कशी काढावी?

ही श्रद्धा शेजाऱ्यापासूनहि तुटलेली नव्हती. सत्यपीर या नांवानें हिंदु आणि मुसलमान दोघेहि नवस करीत, आणि पीठ, दूध, साखर व केळीं कालवून केलेली शिरणी वाटीत. बंगाली पांचाली-काव्यांतून सत्यनारायण आणि सत्यपीर हे एकाच देवाचीं दोन नांवें म्हणून आलेले आहेत. आमच्याकडील सव्वा मापाचा, केळें घातलेला सत्यनारायणाचा प्रसाद ज्यांनीं खाल्ला आहे त्यांना या शिरणीचें वर्णन अगदींच परकें वाटणार नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत हाजी शरीयतुल्ला (१७८१–१८४०) यांनीं फरायजी पंथ काढला तो असल्या मिश्र आचारांना आळा घालण्यासाठीं. परंतु त्यांचे पुत्र दुदू मियाँ (१८१९–१८६२) यांच्या काळांत त्या पंथाला जो जोर चढला तो जमिनीच्या प्रश्नामुळें. १७९३ च्या कायमधाऱ्यानें जमीनदाराचें सरकारदेणें कायमचें ठरून गेलें. कुळानें जमीनदाराला काय द्यावें हें मात्र मोकळेंच राहिलें. खंडावर आणखी 'अबवाब' म्हणून नाना पट्ट्या बसत. जमीनदाराच्या घरचें लग्न, त्याच्या घरची पूजा, सर्वांचा भार कुळावर. जमीन ईश्वराची आहे, तिच्यावर पट्टी बसविण्याचा अधिकार कोणा माणसास नाहीं, अशी दुदू मियाँची शिकवण होती. ही शिकवण धर्माची कीं पोटाची? आमच्या मतें ती दोहोंची आहे, आणि म्हणूनच ती हजारों झोपड्यांतून एकदम ऐकली गेली. आमच्याकडे रयतवारी असल्यानें शेतकऱ्याच्या मानेवर मुख्यतः सावकार बसला होता. १८७५ सालीं सुप्याच्या बाजारांत त्याचे दस्तऐवज जाळले गेले. पूर्व बंगालच्या कुळाच्या मानेवर जमीनदार आणि महाजन असे दोघेहि होते. १८८५ च्या कुळकायद्यानें थोडा आधार दिला, १९३५ च्या कायद्यानें कर्जतडजोडीचीं मंडळें आणलीं, आणि पूर्व बंगालमधील जमीनदारी १९५० च्या कायद्यानें निघाली. आम्ही ज्या कृतींविषयीं लिहीत आहों त्यांच्या मागें हा सारा हिशेब उभा आहे.

'महेश' ही कथा शरच्चंद्रांच्या 'हरिलक्ष्मी' (१९२६) या संग्रहांत आहे. गफूर हा जातीनें जुलाहा, थोडी शेती करणारा. घरांत दहा वर्षांची अमीना ही मुलगी आणि महेश नांवाचा म्हातारा बैल. दुष्काळ पडलेला आहे. गवताची कुरणें जमीनदारानें पैशासाठीं दुसऱ्यांस लावून दिलीं आहेत, आणि गफूरच्या वाट्याचा पेंढा बाकीपोटीं ओढून नेला आहे. गांवचे तर्करत्न गफूरला गोहत्येच्या पापाचा धाक घालतात, पण स्वतःच्या घरचा मूठभर पेंढा देत नाहींत. गफूर आपल्या छपराचा पेंढा उपसून बैलाला घालतो, ताप आल्याचें निमित्त करून आपल्या ताटांतला भात त्याला देतो. शेवटीं, अमीनेनें मिनतवारीनें आणलेलें पाणी तान्हेला महेश सांडतो आणि मातींतून चाटतो. त्या क्षणींच्या संतापांत गफूरच्या हातून त्याचा जीव जातो. रात्रीं बाप-लेक घर सोडून तागाच्या गिरणीकडे निघतात.

ही कथा वाचून डोळे ओले होणार नाहींत असा वाचक विरळा. गाईला माता म्हणणारे तर्करत्न आणि बैलाला पोटच्या पोराप्रमाणें वागविणारा मुसलमान, या विरोधांत आम्हां उच्चवर्णीय वाचकांच्या तोंडांत मारलेली जी चपराक आहे ती आम्हांला पावलीच पाहिजे. अमीना मुसलमान असल्यामुळें पाणवठ्यावरच्या गर्दीशीं सलगी करूं शकत नाहीं. कोणी दया येऊन घागरींत पाणी ओतील तोंवर तिला ताटकळत उभें राहावें लागतें. हा तपशील शरच्चंद्रांनीं आवाज न चढवितां सांगितला आहे, आणि त्यांतच त्यांची थोरवी आहे.

तथापि एक शंका आम्हांस सोडीत नाहीं. आम्ही रडतों तें गफूरसाठीं कीं महेशसाठीं? बैलाच्या जागीं रेडा असता, किंवा बैलावर त्याचें एवढें प्रेम नसतें, तर आमचें अंतःकरण इतक्या लवकर द्रवलें असतें काय? मुसलमान शेतकऱ्याला आमच्या दारांत यावयास बैलाची शिफारस लागावी, हें कांहीं आम्हांस भूषणावह नाहीं. शिवाय गफूर या गांवांत जवळजवळ एकटा आहे. त्याची मशीद, त्याचे नातेवाईक, त्याचा मोहरम, ईद, यांतलें कांहींच कथेंत येत नाहीं. त्याच्या श्रद्धेचा आवाज अगदीं शेवटीं, चांदण्यांनीं भरलेल्या आकाशाखालीं एकदांच निघतो. त्यावेळीं तो स्वतःला शिक्षा मागतो, पण ज्यांनीं ईश्वरानें दिलेलें गवत-पाणी अडविलें त्यांना क्षमा करूं नको म्हणून विनवितो. त्यापूर्वीं एका ठिकाणीं मात्र शरच्चंद्र खरी नस पकडतात. गफूर आजवर गिरणींत गेला नव्हता, कारण तेथें धर्म राहत नाहीं, बायकांची अब्रू राहत नाहीं, असें तो मानीत आलेला. त्या रात्रीं तो गेला. श्रद्धा आणि भूक यांचें भांडण येथें तोंडाशीं आलें होतें. लेखक तें एका वाक्यांत आटोपून पुढें गेला. आमच्या मतें कथेचा दुसरा अर्धा भाग त्या एका वाक्यांत मिटून राहिला आहे.

शरच्चंद्रांनीं जें बाहेरून पाहिलें तें जसीमुद्दीन (१९०३–१९७६) यांनीं आंतून पाहिलें. ते फरीदपूर जिल्ह्यांतले. दिनेशचंद्र सेन यांच्या मार्गदर्शनाखालीं त्यांनीं गांवोगांव हिंडून लोकगीतें गोळा केलीं. ते स्वतः विद्यापीठांत शिकत असतांनाच त्यांची 'कबर' ही कविता मॅट्रिकच्या पाठ्यपुस्तकांत आली होती. 'नक्षी काँथार माठ' हें काव्य १९२९ सालीं निघालें, आणि मिलफर्डबाईंनीं केलेलें त्याचें इंग्रजी भाषांतर १९३९ सालीं. काँथा म्हणजे आमच्याकडील गोधडी. तिच्यावर दोऱ्यानें चित्रें भरलीं म्हणजे ती नक्षी काँथा. रूपाई नांवाचा तरुण शेतकरी आणि शेजारच्या गांवची साजू यांची ही कथा. त्यांची पहिली दृष्टभेट होते ती अवर्षणांत, मुली पावसासाठीं घरोघर जोगवा मागत फिरतात तेव्हां. आमच्या खेड्यांतून पाऊस लांबला म्हणजे धोंडी काढतात. तीच ही आस, तोच हा विधि, फक्त मुली मुसलमानांच्या. लग्न होतें, संसार सुखाचा चालतो. आणि एके दिवशीं दुसऱ्या गांवचे लोक आपलें भात कापून नेत आहेत अशी हांक येते. रूपाई धांवतो, मारामारी होते, माणसें पडतात, आणि तो परागंदा होतो. साजू वाट पाहत आपल्या आयुष्याची सारी कथा गोधडीवर भरते आणि मरते. गोधडी तिच्या कबरीवर पांघरतात, आणि पुढें एका सकाळीं त्याच कबरीवर रूपाई मेलेला आढळतो.

या काव्यांत शेतकऱ्याचें मुसलमानपण कोठेंहि सांगून दाखविलेलें नाहीं. तें लग्नाच्या बोलण्यांत, शिव्यांत, शपथांत, कबरीच्या मातींत आपोआप आहे. जसीमुद्दीन यांचा हा मोठा विजय होय. पण गरजेच्या बाजूनें पाहतां येथें कांहीं उणें राहतें. नदींत वर आलेल्या नव्या जमिनीवरून आणि तिच्या पिकावरून होणाऱ्या मारामाऱ्या हा त्या मुलुखांतला नित्याचा रोग. नदी जमीन गिळते आणि दुसरीकडे ओकते; मग ती कोणाची यावरून जमीनदारांचे लाठीवाले पुढें होतात आणि कुळें मरतात. काव्यांत हें सारें पराक्रम आणि प्राक्तन होऊन जातें. गोधडीचेंहि तसेंच. काँथा शिवतात ती जुन्या, विरलेल्या लुगड्यांच्या घड्या एकावर एक ठेवून. तिचा दोरा जुन्या कांठांतून उसवून काढतात. तिच्या सौंदर्याखालीं दारिद्र्याचे थर आहेत. कवीचें लक्ष चित्रांवर आहे, चिंध्यांवर नाहीं. शहरांतील रसिकांनीं हें काव्य जितक्या आनंदानें डोक्यावर घेतलें तितक्या आनंदानें चिंध्या घेतल्या असत्या कीं काय, याची आम्हांस शंका आहे.

सैयद वलीउल्ला (१९२२–१९७१) यांची 'लालसालू' (१९४८) ही कादंबरी या मोहाच्या अगदीं उलट टोंकाला आहे. ज्या भागांत माणसें फार आणि धान्य थोडें, तेथून मजीद नांवाचा भुकेला माणूस महब्बतनगर गांवीं येतो. झाडीनें वेढलेली एक बेवारस कबर ही थोर पिराची समाधि असल्याचें तो ठणकावून सांगतो, आणि अशा महात्म्याला विसरल्याबद्दल गांवकऱ्यांनाच दोष देतो. कबरीवर लाल कापड चढतें, मेणबत्त्या लागतात, पैसे पडूं लागतात. मजीदला घर, जमीन, बायको मिळते. गांवांतला तरुण अक्कास शाळा काढूं पाहतो, तेव्हां भरलेल्या सभेंत त्याला दाढी कां नाहीं असा प्रश्न विचारून मजीद ती गोष्ट उडवून लावतो, आणि शाळेच्या जागीं मशिदीची वर्गणी ठरते. त्याची दुसरी बायको जमीला ही पोर मात्र भीत नाहीं. शेवटीं गारा पडून उभें भात झोडपून निघतें, आणि रडणाऱ्या शेतकऱ्यांना मजीद श्रद्धा ठेवा एवढेंच सांगूं शकतो.

मजीदला लेखकानें निव्वळ लबाड केलेलें नाहीं, ही या कादंबरीची सर्वांत मोठी खूण आहे. तो स्वतः भुकेनें हांकलला गेलेला आहे. रात्रीं त्यालाच त्या कबरीची भीति वाटते, कारण आंत कोण आहे हें त्याला ठाऊक नाहीं. शाळेचा प्रसंग तर प्रत्येक ग्रामसेवकानें वाचावा असा आहे. पण गांवकऱ्यांच्या बाबतींत लेखक मजीदच्याच डोळ्यांनीं पाहतो कीं काय असें वाटूं लागतें. ते भितात, नमतात, पैसे टाकतात. पीक पाहून ते हंसतात, गातात, हें मजीदला खपत नाहीं एवढें आपणांस कळतें. पण त्यांच्या हंसण्यांत, त्यांच्या नमाजांत भीतीखेरीज आणखी काय होतें हें कळत नाहीं. ज्यांच्या पूर्वजांनीं जंगल तोडून शेत आणि मशीद एकदमच उभी केली, त्यांची श्रद्धा केवळ फसवणुकीवर उभी आहे असें म्हणणें हें त्यांना समजून घेणें नव्हे. आम्हां सुशिक्षितांस ही कादंबरी विशेष आवडते, त्याचें एक कारण आम्हांस थोडें लाजिरवाणें वाटतें: ती वाचून आपण मजीदच्या गांवचे नाहीं याचें समाधान मिळतें.

हें समाधान ज्या कृतीनें मोडलें ती अबू इसहाक (१९२६–२००३) यांची 'सूर्य-दीघल बाडी' (१९५५). १९४३ च्या दुष्काळाची पार्श्वभूमि तिला आहे. त्या दुष्काळांत बंगालमध्यें १५ लाख माणसें दगावलीं असें सरकारी चौकशीनें मानलें. पुढच्या अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात. अधिक करून मेले ते भूमिहीन मजूर, कोळी आणि कारागीर, म्हणजे ज्यांच्या हातांनीं इतरांच्या घरांत अन्न येई तेच. जयगून ही नवऱ्यानें टाकलेली बाई मुलांना घेऊन शहराच्या फूटपाथवरून गांवीं परतते. राहावयास मिळते ती पूर्व-पश्चिम लांब, सूर्याच्या वाटेवरची जागा. अशा घरांत वंश टिकत नाहीं अशी गांवाची समजूत. तीहि ही समजूत मानते. म्हणूनच ती फकिराकडून घर मंत्रून घेते, आणि मग त्याच घरांत राहते, कारण दुसरें घर नाहीं.

पोट भरण्यासाठीं जयगून आगगाडीनें दूर जाऊन तांदूळ आणते आणि विकते. बाईनें पडद्याबाहेर हिंडावें हें गांवाला खपत नाहीं. मुलीच्या लग्नाच्या वेळीं अडवणूक होते, आणि यापुढें घराबाहेर पडणार नाहीं अशी तोबा तिला करावी लागते. ती करते, आणि ती कांहीं लोकांच्या तोंडाला पानें पुसण्यासाठीं नव्हे. देवाची भीति तिच्या मनांत खरी आहे. पण घरांतलें धान्य संपतें, मुलें उपाशी राहतात, आणि एके दिवशीं ती तोबा मोडून बाहेर पडते. या प्रसंगीं तिच्या मनांत जी उलथापालथ होते ती आमच्या मतें या चारहि कृतींतला सर्वांत मोलाचा भाग होय. येथें श्रद्धेची थट्टा नाहीं, आणि भुकेचें प्रदर्शनहि नाहीं. जो ईश्वर पोरांना उपाशी ठेवा म्हणत नाहीं, त्याच्या नांवानें आपणांस कोंडून घालणारे कोण, हा प्रश्न ती स्वतःशींच करते. आणि तो करतांना मुसलमान असण्याचें सोडीत नाहीं. दुदू मियाँच्या शिकवणींत जो सूर होता तोच हा, एका अडाणी बाईच्या मनांत पुन्हां उमटलेला. शेवटीं गांवच्या प्रधानाचें वैर तिला तें घरहि सोडावयास लावतें. कादंबरींत दोष आहेत. गांवचे दुष्ट लोक फारच एकरंगी उतरले आहेत. पण शरच्चंद्रांनीं एका वाक्यांत मिटविलेलें भांडण येथें उघड्यावर चाललें आहे, ही गोष्ट त्या दोषांहून मोठी आहे.

गफूरनें आम्हांस करुणा शिकविली, रूपाई-साजूनें गोडी लाविली, मजीदनें डोळे उघडले. त्यांचें ऋण आम्ही नाकारीत नाहीं. पण करुणेचा माणूस आपल्याहून खालीं उभा असतो, गोडीचा दूर उभा असतो, आणि फसलेल्या माणसाला आपण शहाणपण शिकवावयास जातों. जयगून यांपैकीं कोठेंच उभी नाहीं. एका हातांत तोबा आणि दुसऱ्या हातांत तांदुळाची पिशवी घेऊन ती ज्या पेंचांत सांपडली, तसले पेंच आमच्या आज्यांनीं आणि मावश्यांनीं सोवळें आणि पोट यांच्यामध्यें सोसलेले आम्ही पाहिले आहेत.

मराठवाड्यांत, खानदेशांत, कोंकणच्या खाड्यांच्या कांठीं आजहि मुसलमान कुटुंबें शेती करतात. त्यांच्या बांधावर जाऊन त्यांच्या विहिरीला पाणी किती आहे हें आधीं विचारणारा, आणि मग त्यांची दुवा कोणत्या शब्दांत असते हें कान देऊन ऐकणारा मराठी लेखक आम्हांस हवा आहे. तो येईपर्यंत निदान 'सूर्य-दीघल बाडी' तरी आमच्या घरांतून वाचली जावी, एवढीच वाचकांस विनंती.